टाकीतले दोन डबे

तारीख १२ एप्रिल १९६४, रविवार. ठरलेली रक्कम खेपेला वीस रुपये. पेट्रोल आणि दुरुस्ती गाडीवाल्याची. हजर माणसं पाच: गावचे सरपंच, ग्रामसेवक, वलगावजवळच्या एका विहिरीचा मालक, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आणि मी.

बैठक सरपंचांच्या ओसरीवर झाली. ते तिघे ओसरीवर बसले, आम्ही दोघे खाली अंगणात टाकलेल्या बाजेवर. छप्पन सालापासून आम्ही बौद्ध. त्याला आठ वर्षं होत आली होती आणि मी अमरावतीला सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसत होतो. तरी त्या गावात बाज अंगणातच टाकली गेली. त्यावर त्या दिवशी कोणी बोललं नाही. आम्हीही बोललो नाही, कारण काम हवं होतं.

गाव वलगावाहून दर्यापूरकडे जाताना खारपाणपट्ट्यात येतं. नाव लिहीत नाही. तिकडे विहिरीला पाणी असतं, पण ते खारं. पावसाळ्यात, हिवाळ्यात लोक तेच पितात. एप्रिल लागला की विहिरी तळाला जातात आणि मग त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना बायका खाली पाहतात. त्या वर्षी गावानं वर्गणी करून गोडं पाणी आणायचं ठरवलं होतं. दोन चाकांची लोखंडी टाकी ग्रामपंचायतीनं कुठल्याशा रस्त्याच्या ठेकेदाराकडून घेतली होती. ती ओढायला गाडी पाहिजे होती. गाडी आमच्याकडे होती.

आमच्याकडे म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे; आमच्या भागात त्यालाही जावईच म्हणतात. मी सरकारी नोकर. माझ्या नावावर धंदा ठेवता येत नव्हता. बासष्ट साली लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी पिकअप अकोल्याच्या व्यापाऱ्याकडे होती, ती दोन हजार आठशेला घेतली. सोळाशे त्याचे, त्यात माझ्या बहिणीची पोत आणि पाटल्या आल्या, बाराशे माझे. जावई अकोल्याला एका गॅरेजमध्ये मिस्त्री होता. ती नोकरी सोडून तो बहिणीला आणि दोन पोरींना घेऊन अमरावतीला आला आणि टोचनाचा धंदा सुरू केला. बडनेरा ते मूर्तिजापूर, कधी पुढे अकोल्यापर्यंत, रस्त्यात बंद पडलेला ट्रक साखळीनं बांधून ओढून आणायचा. हंगामात कापसाचे ट्रक, थंडीत वरूडकडचे संत्र्याचे. उन्हाळ्यात काम कमी आणि गाडीचा खर्च दुप्पट. त्या घरात दुसरी मिळकत नव्हती. गाडी उभी राहिली की चूल थांबणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आमच्याकडच्या उन्हात जुनी गाडी चालवणं म्हणजे आजारी माणूस सांभाळणं आहे. जावई पहाटे उठून आधी पाण्याची टाकी पाहायचा. गाडीच्या तोंडाशी असते ती, रेडिएटर. त्याच्या नळ्या ठिकठिकाणी फुटलेल्या होत्या आणि कथिलाची झाळ देऊन बुजवलेल्या होत्या. बारीक गळती असली तर तो वरून मूठभर हळद टाकायचा. ती फिरत फिरत भोकाशी जाऊन बसते. पेट्रोलच्या पंपावर गोणपाटाची ओली पट्टी बांधायची, नाहीतर अकरानंतर पेट्रोलची आतच वाफ होते आणि गाडी ठसकत उभी राहते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पत्रे त्यानं काढूनच टाकले होते. टायरमध्ये हवा सकाळी मुद्दाम कमी भरायची, दुपारी ती आपोआप वाढते. मागे ओझं असलं की इंजिन दीडपट तापतं. म्हणून चढावर हळू, उतारावर त्याहून हळू. आणि सगळ्यात मोठा नियम असा की उकळत्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. ओतलं तर ओतीव लोखंड तडकतं. तासभर थांबायचं, झाकणाला हात लागेल इतकं निवू द्यायचं, मग ओतायचं.

त्या नियमामुळे पुढच्या गोष्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडल्या.

सरपंचांचा हिशेब कागदावर बरोबर होता. टाकी तीनशे गॅलनची. रॉकेलचा रिकामा डबा चार गॅलनचा. म्हणजे पंचाहत्तर डबे. गावात घरं त्र्याहत्तर. घरटी एक डबा, आणि दोन डबे परतीच्या वाटेसाठी गाडीला.

"गाडीले दोन घरचं पानी लागते?" सरपंच हसून म्हणाले होते. "जवाई, लय खायाची हाय तुमची गाडी."

"खात नाई सरपंच, पेते," जावई म्हणाला. "खायाले तं मीच घालतो तिले, पेट्रोल."

ग्रामसेवकही हसले. विहिरीचा मालक हसला नाही. तो माळी, भाजी आणि झेंडू पिकवणारा. त्यानं तिथेच सांगून टाकलं की एक टाकी आणि वर दोन डबे, त्याउपर तांब्यादेखील नाही. "तेवढ्यात माही विहीर तळाले जाते. पंप हवा घ्याले लागते. माही वांगी मेली तं गाव भरून देईन काय?" त्याचं चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून खेपा सुरू झाल्या. विहिरीपासून गाव चौदा मैल, त्यात शेवटचे सहा मैल कच्चे. विहिरीवर भरून घेतलेले दोन डबे वाटेतच रेडिएटरात जायचे, कारण मागे टाकी भरलेली. गावात पोचेपर्यंत इंजिन उकळत असायचं. टाकी चौकातल्या लिंबाखाली उभी राहायची आणि गावचा एक माणूस येऊन तोटी उघडायचा. पाणी जावयाच्या गाडीनं चौदा मैल आलेलं असे, पण तोटीला हात त्याच माणसानं लावायचा असं ठरलं होतं. जावयानं लावायचा नाही. तो आपला चाकाशी विडी ओढत बसायचा आणि इंजिन निवायची वाट पाहायचा.

पाण्याचा क्रम गावाचा जुना क्रम. आधी वरची आळी, मग बाजाराची, मग तेल्या-माळ्यांची घरं, आणि सरतेशेवटी नाल्याकडची आमच्या लोकांची अकरा घरं. आता कागदावर पंचाहत्तर डबे, पण कच्च्या रस्त्यानं हिंदकळून, झाकणातून सांडून चौकात पोचायचे सत्तर, एकाहत्तर. कोणाचा डबा थोडा मोठा, कोणी शिगोशीग भरून घेणार. म्हणजे शेवटच्या तीन-चार घरांच्या वेळी टाकी खडखडू लागायची, आणि नेमकं त्याच वेळी इंजिन निवलेलं असायचं. जावई आपले दोन डबे घेऊन तोटीखाली उभा राहायचा. आमची माणसं रिकामी भांडी घेऊन बाजूला व्हायची. गाडीचे दोन डबे त्यानं आधीच काढून ठेवले असते तरी तूट तेवढीच पडली असती. पण निदान दिसली नसती.

मी रविवारी सोबत जायचो. पहिल्या रविवारी कोणी काही बोललं नाही. आपलाच माणूस गाडी चालवतो याचं नाल्याकडच्या घरांना कौतुक होतं. बायका जावयाला भाऊ म्हणायच्या, कोणी ज्वारीची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायचं. दुसऱ्या रविवारी अगदी शेवटच्या घरातली म्हातारी पुढे आली. पासष्टीच्या आसपासची असेल. तिनं आपला डबा उलटा करून त्यावर बसकण मारली आणि जावयाचे दोन डबे भरताना पाहत राहिली.

"काहून रे बाप्पा," ती म्हणाली, "तुह्या गाडीचं बाळंतपन झालं काय? रोज दोन डबे लागतात तिले."

लोक हसले. जावईही हसला. "आजी, जुनी हाय गाडी. खोकला हाय तिले."

"मंग पाज ना तिले आमच्या हिरीचं. तळाले हाय, पन पानी हाय."

"खारं नाई चालत आजी. नळ्यांमंदी खपली धरते. पंधरा दिवसांत मरते गाडी."

म्हातारी म्हणाली, "म्हंजे गाडीच्या पोटाले सोसत नाई. आमच्या पोटाले सोसते."

जावयानं दोन्ही डबे उचलले आणि गाडीकडे नेले. झाकण उघडून ओतताना थोडं पाणी बाहेर गेलं. म्हातारी तेही पाहत होती.

बाळंतपणाचा टोमणा तिनं उगाच मारला नव्हता. तिच्याच घरात बाळंतीण होती. नात पहिलटकरीण, माहेरी आलेली, मुलगा झालेला. आई नव्हती, म्हणून आजीनंच बाळंतपण केलं होतं. खाऱ्या पाण्यानं पोरीचं पोट चाललं होतं आणि दूध उतरत नव्हतं. हे मला म्हातारीनं सांगितलं नाही, शेजारच्या बाईनं सांगितलं. त्या घराला त्या आठवड्यात दोनदा अर्धा डबा मिळाला होता आणि दोनदा काहीच नाही. उसनं मागायला गेली तर शेजारची घरंही तितकीच कोरडी.

मी तिथूनच सरपंचांकडे गेलो. ते तसे सरळ गृहस्थ होते. मी म्हटलं, चार डबे कमी पडतात, ते रोज त्याच घरांना कमी पडतात. क्रम फिरता ठेवा. आज वरून, उद्या खालून.

"तुमचं गनित मले समजते," ते म्हणाले. "मी एकटा असतो तं उद्याच खालून चालू केलं असतं. पन गाव आयकन काय? उद्या वर्गनी देनं बंद करतीन. मंग टाकी कोनालेच नाई."

"मग घरटी डबा थोडा कमी भरा. सगळ्यांना सारखं होईल."

"तेही सांगून पाह्यलं. ज्याच्या हातात डबा हाय तो कमी कसा भरन?"

माळ्याकडेही मी गेलो. त्यानं मला विहिरीत वाकून पाहायला लावलं. टाकी भरल्यावर तळाचा मुरूम उघडा पडला होता आणि कपारीतून बोटाएवढी धार येत होती. मी परत आलो. अमरावतीहून दोन डबे न्यावेत तर आमच्या वस्तीच्या नळाला उन्हाळ्यात घरटी चारच हंडे मिळत, आणि सकाळी गाडीत भरायचं पाणीही त्यातूनच जाई.

परतीच्या वाटेवर वलगाव दिसायला लागल्यावर जावई म्हणाला, "भाऊ, मी उद्यापासून ते दोन डबे घेनार नाई. त्यायच्याच हिरीचं टाकतो."

मी त्याला आकडे सांगितले. इंजिन खोलून नव्यानं बांधायचं झालं तर सातशे-आठशे रुपये. ते कुठून येणार? पाऊस पडेपर्यंतच्या सगळ्या खेपांचं पेट्रोल वजा जाता उरेल त्याच्या दुप्पट ती रक्कम होती. शिवाय दोन डबे सोडल्यानं चार डब्यांची तूट अर्धीच भरणार होती. दोन घरं तशीच राहणार होती. आणि गाडी मेली तर गावाला टाकीच नाही, म्हणजे त्र्याहत्तर घरं कोरडी. मी हे सगळं सावकाश सांगितलं. आजही मला त्यात चूक सापडत नाही.

"तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला. "पन तोटीखाली तुमी उभे नाई राहत. मी राह्यतो."

मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं घर त्या गाडीवर आहे."

"माहंही तेच घर हाय, भाऊ."



घरी त्यानं बहिणीला सांगितलं. ती भांडण करील असं मला वाटलं होतं. तिनं पोरींना वाढलं, ताटं उचलली आणि मग विचारलं, "खपली म्हंजे हंड्याच्या बुडाले धरते तशीच ना?" तो हो म्हणाला. "मंग चिंचेनं निंगन," ती म्हणाली.

त्यानंतर महिनाभर त्या घरात रोज संध्याकाळी चिंच उकळली जायची. जावई गाडी घेऊन आला की रेडिएटरातलं खारं पाणी काढून टाकायचा. पाण्याबरोबर पांढरा चुरा यायचा. मग बहीण चिंचेचं कोमट पाणी गाळून डब्यात आणून द्यायची, ते भरून इंजिन थोडं फिरवायचं, सोडून द्यायचं, आणि तांब्या-दोन तांबे साध्या पाण्यानं विसळायचं. दोघं अंगणात बसून हे करायची. पोरी गाडीच्या पायरीवर बसून चिंचोके वेगळे करायच्या. पहिल्या आठवड्यात चुरा भरपूर निघाला आणि गाडी तापण्यात काही फरक पडला नाही. जावई खुशीत होता. मला म्हणाला, "भाऊ, गॅरेजवाल्याइले नाई माहीत हे. बायको मिस्त्री पाह्यजे."

बहीण म्हणाली, "मजुरी दे मंग मिस्त्र्याले."

चौकात त्या दिवसांत आणखी दोन घरांचं भागू लागलं. जावई आता आपले डबे घेऊन नाल्याकडच्या विहिरीवर जायचा आणि खारं पाणी स्वतः शेंदायचा. आमच्या लोकांची विहीर असल्यामुळे तिथे त्याला कोणी अडवत नव्हतं. म्हातारीनं त्याचे आभार मानले नाहीत. एकदा एवढंच म्हणाली, "आता तुले समजन खारं कसं लागते ते." तो म्हणाला, "मले नाई आजी, गाडीले." तिची नात दारातून पाहत होती, पदराखाली लहानगं होतं. त्याचे पाय मला दिसले. फार बारीक होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी गळू लागली. आधी थेंब, मग धार. जावयानं हळद टाकली, ती बसली नाही. कल्हईवाल्याकडे नेऊन झाळ देऊन आणली. चार दिवसांनी शेजारची झाळ सुटली. चिंच खपली काढत होती आणि खपलीखालचं कथीलही पोखरत होती, हे त्या वेळी आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. हंड्याला झाळ नसते. आम्ही समजलो की खपली धुवायला चिंच कमी पडतेय, म्हणून बहिणीनं ती वाढवली.

२४ मे, रविवार. मी सोबत होतो. विहिरीवरून निघायलाच उशीर झाला होता, कारण माळ्याचा पंप आटलेल्या पाण्याशी ओढाताण करत होता. उन्हानं रस्त्यापलीकडचं शेत हलताना दिसत होतं. डांबरी संपून कच्चा रस्ता लागला तेव्हाच पहिला डबा ओतून झाला होता. आणखी दोन मैलांनी दुसरा. तोही आम्ही पाहत असताना खालून धुळीत गेला. गाव चार मैल उरलं होतं. आसपास विहीर नाही, नाला कोरडा, झाड एकच, बाभळीचं.

जावई खाली उतरून रेडिएटरला कान लावून उभा राहिला. आत पाणी नव्हतंच, नुसता कढ होता.

मी म्हटलं, "मागे तीनशे गॅलन आहे. चार डबे काढ. थोडं निवू दे, हळूहळू ओत, पोचू."

त्यानं डोकं हलवलं.

"अरे, चारच डबे. आजच्या दिवस."

"चार डबे म्हंजे चार घरं, भाऊ. आन कोनची चार, ते तुमाले माहीत हाय."

"मी सांगतो त्या आजीला. माझ्यावर घेतो."

"तुमी सांगसान. पन देसान कोठून?"

मी त्याच्या हातातून रिकामा डबा घेतला आणि टाकीकडे गेलो. तोटीला हात लावला. ती तापून चटका बसण्यासारखी होती. त्यानं मागून येऊन माझा हात बाजूला केला. रागानं नाही. मग तो चाकाशी बसला आणि म्हणाला, "पाऊन तास थांबू. निवल्यावर एका दमात काढू. चारच मैल तं हाय."

पाऊण तास थांबलो. बाभळीची सावली आम्हाला पुरत नव्हती, गाडीला कुठून पुरणार. मग त्यानं हँडल मारलं, गाडी सुरू झाली. पहिला मैल बरा गेला. दुसऱ्या मैलात तापलेल्या तव्यासारखा वास यायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता. मग इंजिनातून एक घासल्याचा आवाज आला, गाडीला आचका बसला आणि सगळं बंद झालं. त्यानं उतरून हँडल लावलं. ते हललं नाही. दोघांनी मिळून जोर लावला. हललं नाही. दट्टे आत चिकटले होते.

तो म्हणाला, "गेलं."

मी गावात चालत गेलो. सरपंचांनी दोन बैलजोड्या पाठवल्या. टाकीचा दांडा गाडीच्या उंचीचा, बैलांच्या खांद्याला तो जुळेना. दोरांनी कसाबसा बांधला. टाकी पुढे कलंडली आणि झाकणातून पाणी जात राहिलं. चौकात पोचलं ते अर्ध्याच्या थोडं वर. तोटीवाला माणूस आला. वरची आळी, मग बाजार. माळ्यांच्या घरांपाशी टाकी संपली. नाल्याकडची अकराच्या अकरा घरं भांडी घेऊन उभी होती. जावई लिंबाखाली उभा होता. त्या दिवशी त्याच्या हातात डबे नव्हते, गाडीला पाण्याची गरज उरली नव्हती.

म्हातारी त्याच्याजवळ गेली. मला वाटलं टोमणा मारील. तिनं विचारलं, "गाडी उद्या येईन काय?"

"नाई आजी."

"परवा?"

ती रिकामा डबा घेऊन गेली.

गावानं दुसरी गाडी शोधली. ती मिळायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत म्हातारीच्या नातीचा मुलगा गेला. ही बातमी आम्हाला जून महिन्यात कळली, त्या गावचा एक माणूस अमरावतीच्या बाजारात भेटला तेव्हा. पाण्यानं गेला की आधीच अशक्त होता म्हणून गेला, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टर कोणी पाहिला नव्हता. जावयाला मी सांगणार नव्हतो, पण तो त्या वेळी माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं त्या माणसाला विचारलं, "कोनत्या दिवशी?" माणसानं सांगितलं गुरुवारी. जावयानं मान हलवली आणि भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

गाडी एका ट्रकनं टोचन करून अकोल्याला नेली, त्याच्या जुन्या गॅरेजमध्ये. तिथल्या मिस्त्र्यानं इंजिन उघडलं. दट्टे चिकटलेले, वरचं लोखंड दोन ठिकाणी तडकलेलं. रेडिएटर हातात धरून त्यानं नळीच्या सांध्यावर नख दाबलं तर कथील भुगा होऊन पडलं. "याच्यात काय टाकत होते?" त्यानं विचारलं. जावई म्हणाला, "खारं पानी." चिंचेचं त्यानं सांगितलं नाही.

पण बहिणीनं ओळखलं होतं. मी घरी गेलो तेव्हा ती चुलीशी बसली होती.

"दादा, झाळ चिंचेनं गेली ना?"

"खाऱ्या पाण्यानं गेली."

"मी भांडे घासते, दादा. मले माहीत हाय चिंच काय करते."

"तू नसती टाकली चिंच तर खपलीनं आधीच गेली असती." हे मी बोललो, आणि ते खरंही असू शकतं. कोनाड्यात चिंचेचा गोळा होता, तो तिनं उचलून शेजारणीला देऊन टाकला. आमटीसाठीसुद्धा ठेवला नाही.

गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. मी दोनदा आकडे मांडून पाहिले. जावई म्हणाला, "नका मांडू." जुलैमध्ये त्याला अकोल्याला एका ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. बहिणीनं पुन्हा बिऱ्हाड हलवलं. थोरल्या पोरीची शाळा मध्येच सुटली, ती पुढे लागली नाही.

सरपंचांनी शेवटच्या आठवड्याचे पैसे स्वतः आणून दिले: सहा पुऱ्या खेपा आणि टाकी बैलांनी पोचली म्हणून ती अर्धी खेप, एकूण एकशे तीस. त्यांनी काही कापलं नाही. ते माझ्या घरात आले, खुर्चीवर बसले, पाणीही प्यायले. निघताना म्हणाले, "पुढच्या साली टाकीचं झाकन नवं बसवून घेतो." एवढंच म्हणाले.

गाडी ऑगस्टमध्ये भंगारात गेली. व्यापाऱ्यानं एक हजार नव्वद दिले. त्यातून ट्रकवाल्याला टोचनाचे चाळीस दिले. उरले एक हजार पन्नास. ते जावयानं माझ्यासमोर सतरंजीवर ठेवले आणि म्हणाला, "तुमचा वाटा काढा."

मी म्हटलं, "राहू दे."

"काढा भाऊ. नाई काढला तं मी तुमच्या दारात येनार नाई."

बहीण दाराशी उभी होती. तिनंही मान हलवली. माझे बाराशे, त्यांचे सोळाशे. म्हणजे सातातले तीन भाग माझे. मी चारशे पन्नास मोजून घेतले. उरलेले सहाशे बहिणीच्या हातात दिले.